यूएसडीटीचे रुपये करताना नक्की किती पैसे जातात

"क्लायंट यूएसडीटीत पैसे देतो म्हणतोय, घेऊ का, आणि खात्यात आणायला किती कट बसतो" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारून झालाय की म्हणलं एकदा सगळा हिशोब नीट मांडूनच टाकू. यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं, असल्या नाण्यांना स्टेबलकॉइन म्हणतात. मी नाशिकमध्ये बसून मोशन ग्राफिक्सची कामं करतो, क्लायंट बहुतेक सगळे बाहेरचे, आणि त्यातला एक छोटा स्टुडिओ ब्युनॉस आयर्सचा आहे. अर्जेंटिनात २०१९ पासून डॉलर घेण्यावर आणि बाहेर पाठवण्यावर कडक बंधनं होती, एप्रिल २०२५ मध्ये त्यातली बरीचशी उठवली, पण तोपर्यंत तिकडच्या फ्रीलान्सवाल्या मंडळींना स्टेबलकॉइनची इतकी सवय झाली होती की बँकेतून पाठव म्हणलं तर तो माणूस असा गप्प होतो जणू मी त्याला मनीऑर्डर करायला सांगितलीये. त्यामुळे यूएसडीटी माझ्याकडे येतं ते हौस म्हणून नाही, समोरच्याला तेच सोपं पडतं म्हणून.

तर सगळे जण आधी बघतात ती फी. या क्रिप्टो एक्स्चेंजची (जिथे यूएसडीटी विकून रुपये मिळतात) ०.१ टक्के, त्याची ०.५, अमक्याची विथड्रॉवल फ्री, आणि यूट्यूबवरचे व्हिडिओसुद्धा सगळे याच्यावरच. आता खरं सांगायचं तर या सगळ्या खेळात फी हा सगळ्यात किरकोळ आकडा आहे, खरे पैसे जातात किंवा येतात ते रेटमध्ये, आणि त्याहून जास्त जातात ते कागद नसल्यामुळे. पण ते पुढे.

आधी साधा हिशोब. सोपं जावं म्हणून धरून चालू की गुगलवर डॉलरचा रेट ९० रुपये दिसतोय आणि बिल १००० डॉलरचं आहे, म्हणजे कुणीच मध्ये हात मारला नाही तर ९०,००० यायला हवेत. हे आकडे उदाहरणाचे आहेत, रोजचा रेट वेगळा असतो, तुमच्या बँकेचे चार्जेस वेगळे असतात, स्वतःचे आकडे टाकून बघा.

बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गाने, आले तर मधली करस्पॉण्डंट बँक १५-२५ डॉलर काढून घेते, २० धरा. राहिले ९८०. मग आपली बँक जो रेट लावते तो गुगलवाला नसतो, कार्ड रेट असतो, एक टक्का खाली धरला तर ८९.१०. झाले ८७,३१८. त्यावर करन्सी कन्व्हर्जनचा जीएसटी, जो एक लाखापर्यंतच्या रकमेला रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के असा असतो, म्हणजे साधारण १५७ रुपये. वर इनवर्ड रेमिटन्सचा आणि सर्टिफिकेटचा चार्ज जीएसटी धरून २३६ समजा. हातात आले ८६,९२५. म्हणजे तीन हजाराच्या वर गेले.

पेपॅलचं तर विचारूच नका, बाहेरून आलेल्या कामाच्या पैशावर ४.४ टक्के फी, वर थोडी ठरलेली रक्कम, आणि रुपये करताना रेटमध्ये अजून तीन-चार टक्के, ८३ हजाराच्या आसपास येऊन थांबतं. तरी शंभर-दीडशे डॉलरच्या कामाला लोक तेच वापरतात कारण क्लायंटला एक बटन दाबलं की झालं.

आता यूएसडीटी. इथे गंमत अशी की भारतात यूएसडीटी डॉलरच्या भावात विकलं जात नाही, डॉलरपेक्षा महाग विकलं जातं. कधी दोन टक्के, कधी चार, रुपया घसरायला लागला किंवा क्रिप्टो मार्केट तापलं की अजून वर. कारण सरळ आहे, इथे घेणारे जास्त आणि बाहेरून आणणारे कमी. बाहेर स्वस्तात घेऊन इथे महाग विकावं असं कुणाच्याही डोक्यात येईल, पण बँका एलआरएसखाली, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या आरबीआयच्या योजनेखाली, क्रिप्टोसाठी पैसे पाठवायला सहसा देत नाहीत, आणि कसंतरी जमवलं तरी प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, त्यामुळे रोज फिरवणाऱ्याचं भांडवलच अडकत जातं. म्हणून हा फरक मिटत नाही, आणि तो आपल्यासारख्या बाहेरून कमवून आणणाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

धरा यूएसडीटीचा भाव ९३ आहे. १००० विकले, ९३,००० झाले. एक्स्चेंजची फी ०.२ टक्के म्हणजे १८६, तिच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३३ रुपये. राहिलेल्यावर एक टक्का टीडीएस, ९२८. खात्यात आले ९१,८५३, विथड्रॉवलचे पाच-दहा रुपये सोडा. आणि तो टीडीएस गेलेला नाही, आयकर खात्याकडच्या आपल्या टॅक्सच्या नोंदीत (२६एएस) दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. बँकेच्या मार्गापेक्षा जवळपास पाच हजार जास्त, १००० डॉलरमागे! गुगलच्या रेटपेक्षासुद्धा जास्त. हे पहिल्यांदा बघितलं की माणूस म्हणतो बँकवाले लुटारू आहेत आणि उद्यापासून सगळ्या क्लायंटना वॉलेटचा पत्ता पाठवायचा.

थांबा जरा.

आधी हे ९३ तुम्हाला मिळतात का ते बघा. भारतातल्या बहुतेक ॲपमध्ये दोन दरवाजे असतात. एक समोरचा, मोठं रंगीत बटन, "इन्स्टंट सेल" किंवा "कन्व्हर्ट" असलं काहीतरी, आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं झिरो फी. दुसरा आत कुठेतरी लपवलेला, स्पॉट किंवा प्रो नावाचा, जिथे ऑर्डर बुक, म्हणजे कोण कितीला घ्यायला-विकायला उभं आहे त्याची यादी, दिसतं. आता समजा ऑर्डर बुकमध्ये घेणारे ९२.८० ला उभे आहेत आणि विकणारे ९३.१५ ला, त्याच मिनिटाला ते झिरो फीवालं बटन तुम्हाला ९१.६० दाखवणार. म्हणजे फी शून्य आणि डॉलरमागे सव्वा-दीड रुपया गायब, हजारामागे हिशोब करा. मी कायम आत जाऊन लिमिट ऑर्डर, म्हणजे आपला भाव ठरवून ऑर्डर, लावतो, ९३.१० ला टाकायची आणि कामाला लागायचं, कधी दहा मिनिटात उडते कधी संध्याकाळ होते. रात्री उशिरा किंवा रविवारी ऑर्डर बुक पातळ असतं, म्हणजे घेणारे कमी असतात, तेव्हा मोठी रक्कम एकदम मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकली तर भाव खाली खाली घसरत भरत जातो, त्यामुळे घाई असेल तर तुकडे करून विका. आणि "मेकर" फी आणि "टेकर" फी वेगळी असते तेही बघून घ्या, लिमिट लावून थांबलात तर बऱ्याच ठिकाणी कमी लागते.

यूएसडीटी ज्या ब्लॉकचेनवरून फिरतं त्या नेटवर्कचं पटकन सांगतो. पाठवणाऱ्याला गॅस, म्हणजे नेटवर्कची फी, लागतो, कुठल्या नेटवर्कवर त्याप्रमाणे. यूएसडीटी बहुतेक लोक ट्रॉनवर म्हणजे टीआरसी-२० वर पाठवतात, आणि ट्रॉनवर गॅस टीआरएक्समध्ये (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) भरावा लागतो, वॉलेटमध्ये टीआरएक्स नसेल तर हजार यूएसडीटी नुसते बघत बसायचे, हलत नाहीत. ज्या पत्त्यावर आधी कधीच यूएसडीटी आलेलं नाही तिथे पाठवायला साधारण दुप्पट गॅस जातो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. इथेरियमवर पाठवायचं तर गर्दीच्या वेळी गॅस अंगावर येतो, पॉलिगॉन किंवा सोलानावर काही पैशात काम होतं. पण स्वस्त नेटवर्क निवडण्याआधी आपलं एक्स्चेंज ते नेटवर्क घेतं का ते बघायचं, आणि पहिल्यांदा दहा डॉलर पाठवून बघायचे, त्याला पर्याय नाही. क्लायंट यूएसडीसी (दुसरं एक डॉलरवालं स्टेबलकॉइन) देतो म्हणाला तर ट्रॉन विसरा, ते काढणाऱ्या सर्कल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्येच ट्रॉनवर यूएसडीसी काढणं बंद केलं. आणि यूएसडीसीचा रुपयातला बाजार आपल्याकडे पातळ असतो, म्हणून लोक आधी यूएसडीसीचं यूएसडीटी करतात आणि मग रुपये, तर लक्षात घ्या की कायद्याने ते पहिलं बदलणंसुद्धा विक्रीच आहे, भारतीय एक्स्चेंजवर केलंत तर एक टक्का तिथेही कापला जातो आणि पुन्हा रुपये करताना दुसऱ्यांदा. शेवटी परत मिळतो हो, पण वर्षभर अडकतो. क्लायंटलाच सांगा यूएसडीटी पाठव म्हणून.

आता टॅक्स. २०२२ च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी ३० टक्के आणला, तो एप्रिल २०२२ पासून, आणि एक टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून, जुन्या आयकर कायद्यातलं कलम १९४एस. लोकांचा घोळ असा होतो की त्यांना वाटतं कामाचे सगळे पैसे यूएसडीटीत आले म्हणजे सगळ्यावर ३० टक्के. माझ्या सीए मॅडमनी जे समजावलं ते असं, की कामाचा मोबदला हे तुमचं नेहमीचं व्यवसायाचं उत्पन्न, ज्या दिवशी यूएसडीटी हातात आलं त्या दिवशीच्या भावाने धरायचं, त्यावर नेहमीचा स्लॅब. आणि मग ते विकताना त्या भावाच्या वर जे मिळालं तेवढ्यावरच ३० टक्के आणि वर सेस. म्हणजे आलं त्या दिवशी ९३ लिहून ठेवलं आणि ९३ ला विकलं, तर ३० टक्के कशावर लावणार, शून्यावर. पण तुम्ही वहीत गुगलचा ९० लिहिला आणि विकलं ९३ ला, तर हजारामागे ३००० रुपये नफा दिसतो आणि त्यावर सेस धरून ९३६ रुपये जातात. आणि उलट भाव पडून ९१ ला विकावं लागलं तर तो तोटा दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. नफा झाला तर सरकारचा वाटा, तोटा झाला तर तो तुमचा एकट्याचा, असा सगळा कारभार. म्हणून यूएसडीटी आलं की त्याच दिवशी एक्स्चेंजवरच्या भावाचा स्क्रीनशॉट काढायचा आणि शक्यतो त्याच दिवशी विकून टाकायचं. "अजून वर जाईल" म्हणून धरून ठेवायचं असेल तर तो सट्टा झाला, कामाचे पैसे नाहीत.

त्याच दिवशी विकायला दुसरंही कारण आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स हॅक झालं, २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले, आणि लोकांचे पैसे वर्षभरापेक्षा जास्त काळ अडकून पडले. ज्यांचं यूएसडीटी "नंतर विकू" म्हणून तिथे पडलं होतं त्यांच्या हिशोबात ०.२ टक्के फीला काय अर्थ राहिला सांगा.

आता तो कागदाचा मुद्दा, आणि माझ्या मते खरी किंमत इथे आहे. मी मॅडमना मोठ्या उत्साहाने तो पाच हजाराचा फरक दाखवला तर त्या म्हणाल्या, "अहो, रेट चांगला मिळाला हे मान्य, पण मला फाइलला लावायला काय देताय?" बँकेतून आलेल्या पैशाला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड, असतो, बँक एफआयआरए देते, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला. यूएसडीटीला असलं काही नाही, खात्यात दिसतं ते एका भारतीय कंपनीकडून आलेलं आयएमपीएस किंवा एनईएफटी, बस. आणि जीएसटीत सेवेची निर्यात धरायची तर आयजीएसटी कायद्यात अट आहे की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात यायला हवा, किंवा आरबीआयने परवानगी दिली असेल तिथे रुपयात. यूएसडीटी म्हणजे डॉलर नाही, कितीही डॉलरसारखं दिसलं तरी. फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची, अपेक्षाही हीच, निर्यातीचे पैसे अधिकृत डीलर बँकेतून आले पाहिजेत.

ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत आहे आणि जीएसटी नंबरच घेतलेला नाही त्याला जीएसटीची ही बाजू आज चावत नाही. पण नंबर आहे आणि तुम्ही एलयूटी (टॅक्स न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून शून्य टक्क्याने निर्यात दाखवताय, तर यूएसडीटीत आलेलं बिल निर्यात म्हणून टिकत नाही अशी भीती आहे, आणि मग १८ टक्के. क्लायंट वरून देणार नाही, म्हणजे त्याच ९३,००० मधून काढायचे, ते होतात १४,१८६. पाच हजार वाचवायला गेलो आणि चौदा हजार भरायची वेळ. दुबईत असलेला आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक जण मधूनच लिहितो "आमच्याकडे टॅक्सच नाही रे", त्याला मी उत्तर देणं सोडून दिलंय.

आणि बिल मोठं झालं की बँकेचा मार्ग आपोआप स्वस्त होतो हे कुणी सांगत नाही. वरचाच हिशोब ५००० डॉलरला करा. मधल्या बँकेचे २० डॉलर तेवढेच, ४९८० गुणिले ८९.१० म्हणजे ४,४३,७१८, जीएसटी साधारण ४८९, बँकेचा चार्ज तोच २३६, हातात ४,४२,९९३. साडेचार लाखातून सात हजार गेले, म्हणजे दीड टक्का, तर हजार डॉलरला हेच साडेतीन टक्के पडत होतं. शिवाय तो एक टक्क्याचा मार्कअप म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. पैसे यायच्या आधी ब्रँचच्या फॉरेक्स डेस्कला फोन करून "आजचा डील रेट काय देता" विचारायचं. दर महिन्याला नियमित रक्कम येत असेल तर कमी करतात, आणि नाही केला तर दुसऱ्या बँकेत खातं उघडतो म्हणायचं, तेवढं बोलायला लाजायचं नाही. मार्कअप एक टक्क्यावरून पाव टक्क्यावर आला की ५००० डॉलरला तीन हजार रुपये वाचतात, बसल्या जागी.

राहिला पीटूपी, म्हणजे ऑर्डर बुकमध्ये न विकता थेट दुसऱ्या माणसाला विकणं. ज्यांना टीडीएसही नको आणि फीही नको ते तिकडे जातात, भाव एक्स्चेंजपेक्षा अजून रुपया-दोन रुपये जास्त दिसतो, समोरचा अनोळखी माणूस यूपीआय किंवा आयएमपीएस करतो, तुम्ही यूएसडीटी सोडता. टीडीएस नको म्हणून टळतही नाही बरं का, कायद्याने तो घेणाऱ्याने कापायचा असतो, तो कापत नाही एवढंच. पण प्रश्न तो नाहीच. तो रुपया-दोन रुपये जास्त का देतोय हा प्रश्न आहे. कारण बऱ्याचदा त्याच्याकडचे पैसे कुणाच्या तरी खात्यातून फसवून काढलेले असतात आणि त्याला ते लवकरात लवकर दुसऱ्या रूपात न्यायचे असतात. ज्याला फसवलंय तो १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन करतो, तक्रार पोर्टलवर चढते, आणि पैसे जिथून जिथून फिरले ती सगळी खाती साखळीने गोठत जातात. माझ्या एका मित्राचं असंच झालं, पीटूपीवर यूएसडीटी विकलं, पैसे आले, दोन-तीन आठवडे काही नाही, आणि मग एका सकाळी दुधवाल्याला यूपीआय करताना फेल. बँकेत गेला तर सांगितलं दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, डेबिट फ्रीझ. वादातली रक्कम नऊ हजाराची, पण खातं पूर्ण बंद, होम लोनचा हप्ता बाउन्स, आणि ब्रँचमधल्या साहेबांचं एकच पालुपद, "तुम्ही क्रिप्टो करताच कशाला, आरबीआयने बंदी घातलीये." बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई करणारं आरबीआयचं ते २०१८ चं सर्क्युलर सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्येच रद्द केलंय, पण काउंटरवर उभं राहून ते कुणाला सांगणार. चॅटचे स्क्रीनशॉट, इनव्हॉइस, वॉलेटचा व्यवहार, सगळं ईमेल करून, वकील करून खातं सुटायला काही महिने गेले. पीटूपीमध्ये त्याला जे जास्त मिळालं होतं त्यात वकिलाच्या पहिल्या भेटीचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

तेव्हा एक्स्चेंज निवडताना फीच्या आधी बघायचं ते एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदणी आहे की नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टोवाल्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला, डिसेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या नऊ एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, बायनान्सला तर २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड बसला. नोंदणी असलेल्या ठिकाणी केवायसी कटकटीची असते, बाहेरच्या वॉलेटमधून आलेल्या पैशांचा स्रोत विचारतात, कधी एक-दोन दिवस अडवून ठेवतात, पण इनव्हॉइसची पीडीएफ चढवली की सुटतात, आणि त्यांचं टीडीएस सर्टिफिकेट आणि वर्षाचं स्टेटमेंट रिटर्नमधल्या शेड्यूल व्हीडीएला (क्रिप्टोच्या व्यवहारांचा तक्ता) जसंच्या तसं लागतं.

माझं सध्या असं ठरलंय. पाचशे डॉलरच्या आतली, कधीतरी येणारी कामं यूएसडीटीत, नोंदणीवाल्या एक्स्चेंजवर, ऑर्डर बुकमध्ये लिमिट लावून, त्याच दिवशी. त्याच्यावरचं सगळं बँकेतून. ब्युनॉस आयर्सवाल्याने आधी कुरकुर केली, मग त्याला म्हणलं तिकडची बंधनं आता सैल झालीत तर दोन महिन्यांची बिलं एकत्र करून एकदाच वायर कर, स्विफ्टचे २० डॉलर मी सोसतो. तो म्हणाला अकाउंटंटला विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही, पण या वेळी पहिल्यांदाच त्याने बँकेचं नाव आणि स्विफ्ट कोड मागून घेतलाय.